रेशीमकिडा आणि मातीतील जिवाणू



वस्त्राच्या इतिहासात दोन लहान जिवांचे स्थान मोठे आहे. एक रेशीमकिडा, दुसरा मातीत आढळणारा बॅसिलस थुरिन्जिएन्सिस, म्हणजेच ‘बीटी’ जिवाणू. पहिल्याने मनुष्याला रेशीम दिले, दुसऱ्याचे जनुक आज कापसाच्या झाडात आहे.

रेशीमकिडा अंडी, अळी, कोष व पतंग अशा चार अवस्थांतून जातो. तुतीची पाने खात अळी सुमारे चार आठवड्यांत चार वेळा कात टाकते. तिच्या एका कोषात शेकडो मीटर अखंड धागा असतो. परंतु हजारो वर्षांच्या पाळीव जीवनामुळे पतंगाची उडण्याची शक्ती गेली असून मनुष्याच्या संगोपनाविना ही जात तगत नाही. जिवाणू मात्र एकपेशीय. त्याला पालनकर्ता लागत नाही. प्रतिकूल काळात तो बीजाणूरूप धारण करून मातीत दीर्घकाळ टिकून राहतो.

या दोहोंचा संबंध १९०१ मध्ये जपानात उजेडात आला. एकाएकी मरणाऱ्या रेशीमकिड्यांत इशिवाता या शास्त्रज्ञांना हा जिवाणू आढळला. बीजाणूबरोबर तो प्रथिनाचा स्फटिक तयार करतो. अळीच्या अल्कधर्मी आतड्यात हा स्फटिक विरघळतो व त्यातील प्रथिन आतड्याला छिद्रे पाडते. मानवाचे जठर आम्लधर्मी असल्याने तेथे हा परिणाम होत नाही.

याच गुणामुळे २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला मान्यता मिळाली. आरंभी बोंडअळीसाठीची फवारणी घटली. पुढे गुलाबी बोंडअळी या प्रथिनाला दाद देईनाशी झाली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात पिकाची मोठी हानी झाली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकऱ्यांचे प्राण गेले.

रेशमासाठी कोषातील जीव उष्णतेने मारला जातो, म्हणून अनेक जैन कुटुंबे रेशीम वर्ज्य मानतात. हे उचितच आहे. परंतु सुती वस्त्र घेतले म्हणजे हिंसेतून पूर्ण सुटका झाली, असे समजणे योग्य नव्हे. त्या धाग्यामागेही अळीचा जीव आहे, आणि प्रसंगी शेतकऱ्याचाही. वस्त्र कोणते, याबरोबरच वस्त्रे किती, हाही अहिंसेचाच प्रश्न आहे. गरजेपुरते घ्यावे, घेतलेले जीर्ण होईपर्यंत वापरावे. अपरिग्रहाचे आचरण कपड्यांच्या कपाटापासूनही सुरू होऊ शकते.

जय जिनेंद्र!