पडद्यावरचा वीर आणि पडद्यामागचे हात



कामगार संघटनेच्या माणसाने टीव्ही-सिनेमावर काय बोलावे, असे काही मित्रांनी आम्हांस विचारले. आमचे म्हणणे एवढेच की, दिवसभर राबलेला माणूस संध्याकाळी जे पाहतो तोही त्याच्या जीवनाचाच भाग आहे. आम्ही पंडित नव्हे, नुसते प्रेक्षक आहोत. पण तिकीट काढणाऱ्यालाही मत असते. ते बोलून दाखवण्याची सवय मात्र आपल्याला कमी.

आपण अकोला-अमरावतीकर या धंद्याला नवखे नाही. ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ हे नाव १९५० साली राज्यांच्या यादीतून गेले. पण चित्रपट-वितरणाच्या धंद्यात आपला मुलूख अजूनही ‘सी.पी. बेरार’च आहे. गल्ल्याचा हिशेब त्याच नावाने होतो. म्हणजे आपला पैसा त्यांना नीट मोजता येतो. मताचे काय?

आधी मालिकांविषयी. १९८४ साली ‘हम लोग’ सुरू झाली. तिच्यातल्या घरात पैशाची ओढाताण होती, माणसे नोकरी शोधत होती. पुढे ‘नुक्कड’मध्ये रस्त्यावरची साधी, कष्टाची माणसे दिसली. आजच्या बहुतेक मालिकांत वाडा मोठा, दागिने भरपूर, कारस्थाने अखंड. पण घरातला माणूस नेमका काय काम करतो, पगार कितीचा, हे वर्षभर पाहूनही कळत नाही. भांडी घासणारी बाई दिसते ती केवळ चोरून ऐकण्यापुरती. करमणूक हवी, यात वाद नाही. पण ज्या घरात महिनाअखेर कधी येतच नाही, ते घर आपले कसे वाटावे?

आता अचाट वीरांविषयी. १९९७ साली ‘शक्तिमान’ आला आणि आमच्या वऱ्हाडातली पोट्टी गिरक्या घेऊ लागली. आता परदेशी वीरही हिंदीतून बोलतात. आम्ही या चित्रांना नाक मुरडत नाही. दुबळ्याच्या मदतीला कोणी धावून यावे, ही इच्छा खरी आहे. सुपरमॅन १९३८ साली प्रथम छापला गेला, तेव्हा तो परग्रहावरच्या राक्षसांशी लढत नव्हता. सुरुवातीच्याच एका गोष्टीत तो एका खाणमालकाला त्याच्याच धोक्याच्या खाणीत अडकवतो आणि मजुरांचे हाल काय असतात ते अनुभवायला लावतो. ही गोष्ट आमच्या कोणत्याही सभेत शोभली असती!

मात्र पुढे वीर आकाशात उंच गेला आणि खालची माणसे नुसती पळू लागली. आमचा आक्षेप येथे आहे. या चित्रांत हजारोंच्या जमावाला एकच काम असते: किंचाळणे आणि वाट पाहणे. आपल्या गाडगेबाबांकडे पाहा. हातात खराटा, आधी गाव झाडायचे, मग कीर्तन. त्या कीर्तनात बाबा प्रश्न विचारीत आणि श्रोत्यांना उत्तरे द्यावी लागत. तेथे जमाव पळत नसे, विचार करीत असे.

आणि या वीराला जन्म देणाऱ्यांचे काय झाले? जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी पहिल्या गोष्टीबरोबर सुपरमॅनचे सारे हक्क १३० डॉलरला देऊन टाकले. वीर कोट्यवधी कमवीत राहिला, त्याचे जनक मात्र म्हातारपणी विपन्न झाले. १९७५ साली चित्रकार आणि वृत्तपत्रे त्यांच्या बाजूने उभी राहिली, तेव्हा कोठे त्यांना वार्षिक मानधन मिळाले आणि त्यांची नावे पुन्हा छापली जाऊ लागली. त्यांना सोडवायला सुपरमॅन आला नाही, व्यवसायबंधू आले. २०२३ साली अमेरिकेत पटकथालेखकांनी १४८ दिवस संप केला, नटांनी ११८ दिवस. यंत्राने लिहिलेल्या मजकुरापासून आणि यंत्राने काढलेल्या चेहऱ्याच्या नकलेपासून संरक्षण, ही त्यांच्या मागण्यांपैकी एक होती. त्याच वर्षी अचाट वीरांच्या चित्रपटांतली दृश्यकरामत करणाऱ्या कारागिरांच्या एका तुकडीनेही संघटनेच्या बाजूने एकमताने कौल दिला. वीराला उडवणारे हात ते हेच.

प्रेक्षकही एकत्र येऊ शकतो. १९८७ च्या जानेवारीत ‘रामायण’ सुरू झाले. १९८८ साली ते संपू लागले, तेव्हा जालंधरच्या सफाई कामगारांनी संप केला. उत्तरकांडाची कथा, म्हणजे वाल्मीकींच्या आश्रमातले सीतेचे आणि लव-कुशांचे दिवस, दाखवलेच पाहिजेत, ही त्यांची मागणी. वाल्मीकी त्यांचे आराध्य. संप इतर शहरांत पसरला आणि ते भाग काढावे लागले. ज्यांना कोणी विचारीत नव्हते त्यांनी, आमच्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही, असे देशाला सांगितले. प्रेक्षकाच्या मताची इतकी मोठी किंमत आम्ही दुसरीकडे पाहिली नाही.

आज आपण एकेकटे, आपापल्या हातातल्या पडद्याकडे पाहतो. म्हणून मतही एकेकटे राहते. आमची सूचना साधी आहे. पाहिलेल्या गोष्टीवर घरात, कट्ट्यावर, कामाच्या जागी बोला. मुलांना विचारा, "वीर आला नसता तर त्या माणसांनी काय करायला हवे होते?" आणि चित्रपट संपल्यावर एकदा दोन मिनिटे बसून राहा. शेवटी सरसर जाणारी ती शेकडो नावे कामगारांची असतात.