आईला एकटीनं बाहेर पडता येतं का?



मी मूळची इंदूरची. गेली अकरा वर्षं जर्मनीत, मानहाइम शहरात राहते. सुट्टीत घरी आले की एक प्रश्न ठरलेला असतो, "काय गं, तिथलं आयुष्य चांगलं की इथलं?" माझं उत्तरही ठरलेलं असायचं. तिथली हवा स्वच्छ, इथली माणसं प्रेमळ. सगळे खूश!

मग चार वर्षांपूर्वी आई बाथरूममध्ये घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि ती वॉकर घेऊन चालायला लागली. तेव्हापासून मला दोन्ही देश वेगळे दिसायला लागले.

आमच्या इंदूरच्या घराला तीन पायऱ्या आहेत. बाहेर फूटपाथ आहे, पण त्यावर स्कूटर उभ्या असतात. कोपऱ्यावरच्या देवळात जायचं तरी आईला कुणाचा तरी हात लागतो. घरात मात्र ती एकटी कधीच नसते. सकाळी शेजारच्या काकू डोकावतात. भाजीवाला दारातूनच ओरडतो, "आई, आज मेथी छान आहे!" दुपारच्या चहाला कुणी ना कुणी असतंच.

पुढच्या उन्हाळ्यात मी तिला तीन महिने माझ्याकडे नेलं. इमारतीला लिफ्ट. रस्ता ओलांडायच्या जागी फूटपाथ उतरता केलेला. बस थांब्यावर आली की दाराच्या बाजूनं खाली झुकते. आठव्या दिवशी आई एकटीच चाकांचं वॉकर घेऊन बेकरीत गेली आणि बोटानं दाखवून पाव घेऊन आली. भाषेचा एक शब्द येत नव्हता! दार उघडलं तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला. वर्षभरात ती पहिल्यांदा कुणालाही न विचारता घराबाहेर पडली होती.

मी मनात म्हटलं, झालं, उत्तर मिळालं.

पण मग रविवार यायचे. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. विश्रांतीच्या या दिवसाला तिथल्या राज्यघटनेचंच संरक्षण आहे. मला तो शांत दिवस आवडतो. आई खिडकीशी बसून रिकामा रस्ता बघायची. एकदा म्हणाली, "इथं मला पडायची भीती वाटत नाही गं. पण तू ऑफिसात असताना पडलेच, तर कळणार कुणाला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या वरच्या मजल्यावर चौऱ्याऐंशी वर्षांच्या एक बाई एकट्या राहतात. सहा वर्षांत मी त्यांचं दार एकदाही वाजवलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे आपलंच बरं. थांबा. इंदूरची ती सोबत फुकट येत नव्हती. आई पडल्यावर माझ्या वहिनीनं शाळेतली नोकरी सोडली. कुणी तिला सोड म्हणालं नाही, आणि सोडू नकोस असंही कुणी म्हणालं नाही. मीसुद्धा नाही. मी लांबून फोनवर म्हणत राहिले, "वहिनी, तू आहेस म्हणून बरं."

जर्मनीत या कामाची किंमत मोजतात. १९९५ पासून तिथं शुश्रूषेचा सक्तीचा विमा आहे. घरच्या माणसानं म्हाताऱ्यांचं केलं तर त्यासाठी दरमहा रक्कम मिळते आणि ठरावीक अटींवर त्या माणसाच्या पेन्शनमध्येही भर पडते. हे आकाशातून पडत नाही. तिथं एकट्या नोकरदाराच्या सरासरी पगारातला एक तृतीयांशाहून जास्त भाग कर आणि विम्यात जातो. माझाही जातो.

देशांची तुलना करायला राष्ट्रसंघाचा मानव विकास निर्देशांक आहे. १९९० मध्ये महबूब उल हक यांनी तो आणला, अमर्त्य सेन यांनी त्याच्या घडणीत मदत केली. तो आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न बघतो. जर्मनीत सरासरी आयुष्य सुमारे ८१ वर्षांचं, भारतात सुमारे ७२. नऊ वर्षांचा हा फरक खरा आहे आणि मोठा आहे. पण त्या आकड्यात वहिनीची नोकरी दिसत नाही, आणि आईचा रविवारही दिसत नाही.

म्हणून आता मला कुणी तो प्रश्न विचारला की मी तीन प्रश्न विचारते. घरातलं सगळ्यात अशक्त माणूस एकट्यानं बाहेर पडू शकतं का? ते दिवसभर दिसलं नाही, तर कुणाच्या लक्षात येईल का? आणि त्याचं करणाऱ्या माणसाला स्वतःचं आयुष्य उरतं का?

आई इंदूरला परतली. तिनं स्वतःच ठरवलं. आम्ही पायऱ्यांशेजारी उतार बांधून घेतला. दुपारी चार तास एक बाई येतात, त्यांचा पगार मी देते. वहिनी पुन्हा शाळेत शिकवते. फूटपाथवरच्या स्कूटरचं काय? आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, पण स्कूटर अजून तिथंच आहेत. तरी मी आशा सोडलेली नाही. याच इंदूरनं ओला-सुका कचरा वेगळा करायची सवय लावून घेतली आणि २०१७ पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिला नंबर काढला. ज्यांनी कचरा उचलला, ते स्कूटरही हलवतील.

आणि मानहाइममध्ये मी वरच्या बाईंचं दार वाजवलं. पहिल्यांदा त्या घाबरल्या. आता दर रविवारी आम्ही चहा पितो. चहा आल्याचा असतो, तो त्यांना अजून तिखटच लागतो.