निळ्या पाटीकडे बघा

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत, गाडी शिकणाऱ्या सदस्यांसमोर आपल्या एका गटाच्या सचिव ताईंनी केलेलं हे भाषण. त्या बोलल्या तसंच ठेवलं आहे.)

अध्यक्षताई म्हणाल्या, "तुला पक्कं लायसन मिळालंय, दोन शब्द बोल." मला भाषण जमत नाही. कुणाचा हप्ता थकला तर तेवढं बोलता येतं. पण विषय माझ्या अंगावरून गेलेला आहे, म्हणून उभी राहिले.

आपल्यातल्या बऱ्याच जणी सध्या स्कूटी शिकतायत, काही जणी चारचाकी पण. लर्निंगची परीक्षा १५ प्रश्नांची असते, ९ बरोबर आले की पास. मला १३ आले होते. कसे आले ते खरं सांगते. लेकीने मोबाईलवर प्रश्न दाखवले आणि मी आरतीसारखे पाठ केले. पाट्यांचे तीन प्रकार आपल्याला पाठच असतात. गोल पाटी म्हणजे हुकूम, मोडला तर दंड. लाल कडेचा त्रिकोण म्हणजे जपून, पुढे वळण आहे, शाळा आहे. आणि निळी चौकोनी म्हणजे नुसती माहिती. (निळी पण गोल असेल तर तो हुकूमच बरं का, तिथे फसू नका.) आता "नुसती माहिती" म्हटलं की आपण ती सोडून देतो. दंड नाही ना, मग कशाला बघायचं? मीही तेच केलं.

लर्निंग काढून महिना झाला असेल. आम्ही जेजुरीला दर्शनाला गेलो होतो. परत येताना गाडी आमचे मालक चालवत होते, मी शेजारी, सासूबाई मागे. पायऱ्या चढून-उतरून दमल्यात असं वाटलं होतं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "छातीत भरल्यासारखं होतंय गं." मागे वळून बघते तर घामाने चिंब. रस्ता अनोळखी, ऊन मी म्हणतंय. मालक म्हणाले, "तू शिकतेयस ना, पाट्या बघ, दवाखाना कुठे ते सांग."

मला लाल फुलीची पाटी दिसली. मी ओरडले, "आत घ्या, दवाखाना!" आत एक छोटी खोली, एक मुलगा आणि पेटीत कापूस, पट्ट्या, मलम. तो बिचारा म्हणाला, "मावशी, हे प्रथमोपचार केंद्र आहे. इथे डॉक्टर नसतात. दवाखान्याची पाटी तुम्ही मागे सोडून आलात." मधे दुभाजक, वळायला जागा लांब. पार वीस मिनिटं गेली. आणि तायांनो, परीक्षेत हाच प्रश्न आला होता मला. लाल फुली म्हणजे काय? प्रथमोपचार. उत्तर बरोबर दिलं होतं! रस्त्यावर मात्र डोक्यात एवढंच की लाल फुली म्हणजे दवाखाना. मागे सुटलेली पाटी तर मी बघितलीच नव्हती. नजर फक्त लाल कडेच्या पाट्यांवर, दंडाच्या भीतीने.

सासूबाई वाचल्या. डॉक्टर म्हणाले अ‍ॅटॅकच होता, पण सौम्य. मला मात्र पुढे आठ दिवस झोप लागली नाही.

म्हणून सांगते, पुस्तकात प्रथमोपचार आणि रुग्णालय या दोन्ही पाट्या आहेत. त्या शेजारी शेजारी ठेवून बघा, डोळ्यात बसवा. पडलं, खरचटलं, रक्त थांबवायचं असेल तर लाल फुली चालेल. छातीत दुखणं, बाळंतपणाच्या कळा, साप चावणं, याला दवाखानाच पाहिजे. आणि त्या दिवशी आम्हा तिघांपैकी एकालाही १०८ ला फोन करायचं सुचलं नाही. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ पण लागतो. ते पहिलं विचारतात, "कुठे आहात?" तेव्हा रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड बघायचा. वरचा भाग पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग, केशरी असेल तर पंतप्रधान ग्रामसडक योजनेचा रस्ता. दगडावरचं गाव आणि आकडा सांगितला की त्यांना सापडतं.

बाकीच्या पाट्या सोप्या आहेत. ज्या ताईंना वाचता येत नाही त्यांनाही कळतील, कारण चित्रंच आहेत. काटा-चमचा म्हणजे जेवणाची सोय, कपबशी म्हणजे चहा-नाश्ता. पंपाचं चित्र म्हणजे पेट्रोल, पण आपल्या बायकांसाठी त्याचा अजून एक अर्थ आहे. महामार्गावरच्या पंपावर शौचालय आणि पिण्याचं पाणी असतं. लाजून पुढे जाऊ नका, उतरा. इंग्रजी पी म्हणजे गाडी उभी करायची जागा, आणि त्याच पी वर लाल तिरपी रेघ असेल तर उभी करायची नाही. पाटीखाली बाण किंवा अंतर लिहिलेलं असतं, तेही बघायचं.

एक पाटी टेम्पोवाल्या तायांनी नीट लक्षात ठेवा. निळ्यावर पांढरा उभा पट्टा, आणि त्याच्या डोक्यावर लाल आडवा. म्हणजे पुढे रस्ता बंद. भाजीचे क्रेट भरलेली गाडी अशा बोळात घातली की मागे घेताना रडू येतं. मला आलंय.

सराव कसा करायचा? एसटीत खिडकीशी बसा आणि पाटी दिसली की मनात तिचं नाव घ्या. मी तालुक्याला जाता-येता तेच केलं. शेजारचे बघतात, बघू देत.

आणि स्कूटीवाल्यांनो, लर्निंगवर असताना जाऊबाईला मागे बसवून बाजारला निघू नका. मागे बसणाऱ्याकडे पक्कं लायसन पाहिजे, आणि पुढे-मागे पांढऱ्यावर लाल एल पाहिजे. पक्क्या परीक्षेला महिन्यानंतर जाता येतं, लर्निंग सहा महिने चालतं. तोवर घाई नाही.

पुढच्या सभेला मी पाट्यांचा मोठा तक्ता आणते. नावं झाकून विचारणार आहे. लाल फुली पहिली.