शर्यतीचा जुना घोडा आणि त्याची निवृत्ति

शर्यतीच्या घोड्यानें मैदान केव्हां सोडावें, हा प्रश्न वरवर पाहतां श्रीमंतांच्या तबेल्यांतला वाटतो. ज्याचा घोडा असेल त्यानें तो पाहून घ्यावा, इतरांना त्याचें काय, असें पुष्कळांना वाटेल. पण त्यांत एक साधी गोष्ट आहे. ज्याच्या अंगच्या गुणांवर दुसऱ्यांनीं नांव आणि पैसा मिळविला, त्याचे गुण ओसरूं लागले म्हणजे त्याला थांबविण्याचा निर्णय कोणी, केव्हां आणि कशाच्या आधारें घ्यावयाचा? माणूस वय झालें म्हणजे स्वतः सांगतो, किंवा सरकारी नियम त्याच्यासाठीं सांगतो. घोड्याला राजीनामा लिहितां येत नाहीं. म्हणून त्याच्या वतीनें विचार करण्याची जबाबदारी त्याला पळविणारावर येते.

वसई-विरारकडील श्रोत्यांस घोडा परका नाहीं. वसई रोड स्थानकापासून गांवाकडे जाणारा टांगा ज्यांनीं पाहिला, अशी पिढी अजून हयात आहे. आणि वरातीच्या घोड्यापुढें वाजंत्री वाजलेली तर लहान मुलांनींही ऐकलेली आहे. शर्यतीचा घोडा मात्र या मंडळींना दुरूनच ठाऊक. तसें पाहिलें तर तोही फार दूर नाहीं. विरारहून चर्चगेटकडे जाणाऱ्या त्यांच्या रोजच्या रेल्वेमार्गावरच महालक्ष्मी स्थानक लागतें, आणि १८८३ सालीं तयार झालेलें शर्यतीचें मैदान त्या स्थानकाजवळच आहे. मुंबईचा हंगाम हिंवाळ्यापासून उन्हाळ्याच्या आरंभापर्यंत चालतो. पावसाळ्यांत घोडे पुण्यास जातात. १९४३ सालीं या महालक्ष्मीच्या मैदानावर हिंदुस्थानी पैदाशीच्या घोड्यांची पहिली डर्बी झाली, आणि ती बडोद्याच्या महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ नांवाच्या घोडीनें जिंकली. तेव्हांपासून ती शर्यत हें चार वर्षांच्या घोड्यांचें सर्वांत मोठें परीक्षास्थान झालें आहे.

चार वर्षांच्या घोड्यांचें, हे शब्द लक्षांत ठेवण्यासारखे आहेत. टांग्याच्या घोड्याचा आणि शर्यतीच्या घोड्याचा हिशेब अगदीं उलट असतो. टांग्याचा घोडा रोज थोडें थोडें ओढतो आणि वर्षानुवर्षें ओढतो. शर्यतीच्या घोड्याची डर्बी २४०० मीटरांची; ती अडीच मिनिटांच्या आसपास संपते. या अडीच मिनिटांसाठीं महिनोन् महिने पहांटेची दौड, खरारा, मोजून दिलेली चंदी आणि चोवीस तासांची राखण चालते. दुसऱ्या वर्षीं तो पळूं लागतो, चवथ्या-पांचव्या वर्षीं ऐन भरांत येतो, आणि सातव्या-आठव्या वर्षीं लोक त्याला म्हातारा म्हणूं लागतात. पण घोड्याची आयुर्मर्यादा नीट काळजी घेतल्यास पंचवीस-तीस वर्षांची असते. म्हणजे नोकरी पांच-सहा वर्षांची आणि निवृत्ति वीस वर्षांची! मनुष्याच्या संसारांत असें प्रमाण क्वचितच सांपडेल. निवृत्तीचा विचार करतांना हें प्रमाण आधीं डोळ्यांपुढें ठेवावें लागतें.

आतां जुन्या घोड्याची कारकीर्द तपासावयाची कशी? सामान्य प्रेक्षक विजय मोजतो. “त्यानें इतक्या शर्यती मारल्या, परवांचीही मारली, मग त्याला बसवितां कशाला?” असें तो विचारतो. या मोजणींत एक मोठी फसगत आहे. शर्यतीच्या शास्त्रांत घोड्यांचे वर्ग असतात, आणि प्रत्येक घोड्याच्या अलीकडील कामगिरीवरून त्याला गुण दिले जातात. गुण चढले तर घोडा वरच्या वर्गांत जातो, उतरले तर खालच्या वर्गांत येतो. शिवाय एकाच शर्यतींत सरस घोड्याच्या पाठीवर अधिक वजन आणि निरस घोड्याच्या पाठीवर कमी वजन ठेवतात. हेतु हा कीं सर्वांना जिंकण्याची संधि सारखी असावी. या व्यवस्थेमुळें एके काळीं पहिल्या वर्गांत तळपलेला घोडा हळूहळू चवथ्या वर्गांत घसरतो, आणि तेथें एखादी शर्यत जिंकतो. वर्तमानपत्रांत विजय छापून येतो, पण तो विजय चढत्या शक्तीचा नसतो. ज्यानें एकदां मॅट्रिकच्या वर्गांत पहिला नंबर काढला, त्यानें मराठी चवथीच्या मुलांत पहिला नंबर काढला तर त्याला कोणी प्रगति म्हणणार नाहीं. म्हणून घोडा किती वेळां जिंकला यापेक्षां कोणाशीं, किती वजन घेऊन आणि किती सहज जिंकला, हें पाहावें लागतें.

एवढेंही पुरेसें नाहीं. खरा दाखला पायांत असतो. घोड्याचें शरीर साडेचारशें-पांचशें किलो वजनाचें आणि तें उभें असतें प्रत्येक पायाच्या एकेका बोटावर. आपण ज्याला खूर म्हणतों तो त्या बोटाचा नखच होय. पुढच्या पायाच्या गुडघ्याखालीं मांस जवळजवळ नसतें. तेथें नळीचें हाड आणि त्यामागून गेलेल्या दोरखंडासारख्या कंडरा असतात. भरधांव दौडींत प्रत्येक झेपेला असा एक क्षण येतो कीं त्या सगळ्या देहाचा भार एकाच पुढच्या पायावर पडतो, आणि वेगामुळें तो देहाच्या वजनाच्या दुपटीहूनही अधिक होतो. तरुण हाड या माराला उत्तर म्हणून अधिक घट्ट होतें. परंतु मार सतत पडत राहिला आणि भरून येण्यास सवड मिळाली नाहीं, तर हाडांत केंसासारख्या बारीक भेगा पडतात. कंडरा एकदां दुखावली तर ती जुळते खरी. पण जुळलेला भाग पूर्वीसारखा लवचीक राहत नाहीं. विटक्या धोतराला ठिगळ लावलें तर नेसतां येतें, ताणतां येत नाहीं; तसेंच हें.

म्हणून जाणता मोतद्दार शर्यतीच्या दिवसापेक्षां दुसऱ्या दिवशींच्या सकाळीकडे अधिक लक्ष देतो. घोड्यानें रात्रीं चंदी टाकली कीं खाल्ली, नळीवर हात फिरवितांना ऊन लागतें काय, थंड पायानें बाहेर काढल्यावर पहिलीं दहा पावलें तो कशीं टाकतो, एका पायाला दुसऱ्यापेक्षां अधिक वेळ विसांवा देतो काय, या गोष्टी कोणत्याही विजयपत्रकांत छापल्या जात नाहींत. पण निवृत्तीची पहिली सूचना तेथेंच येते. मैदानावर शेवटच्या वळणाशीं जॉकीनें मागणी केल्यावर घोडा पूर्वी पुढें झेपावत असे आणि आतां केवळ कान मागें टाकतो, हीही तशीच एक सूचना.

तथापि वय दिसलें कीं घोड्याला बसवावें, हाही नियम खरा नव्हे. इंग्लंडांत लिव्हरपूलजवळ एन्ट्री येथें ‘ग्रँड नॅशनल’ नांवाची सुमारें सात किलोमीटरांची, तीस उड्यांची अवघड शर्यत होते. ‘रेड रम’ नांवाच्या घोड्यानें ती १९७३ आणि १९७४ अशी लागोपाठ दोनदां जिंकली. १९७५ आणि १९७६ मध्यें तो दुसरा आला. तो आतां उताराला लागला, असें म्हणण्यास तेव्हां जागा होती. पण १९७७ सालीं, बाराव्या वर्षीं, त्यानें तीच शर्यत तिसऱ्यांदां जिंकली. या घोड्याच्या पायांत हाडाचा जुना विकार होता. त्याचा शिक्षक त्याला साउथपोर्टच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूंत पळवीत असे आणि खाऱ्या पाण्यांत चालवीत असे. आपल्या अर्नाळ्याच्या किंवा कळंबच्या किनाऱ्यावर भरती ओसरल्यानंतर जी घट्ट ओली वाळू उघडी पडते, तशाच वाळूवर हा पराक्रम तयार झाला. १९७८ सालीं तो पुनः उतरणार होता. शर्यतीच्या आदल्या दिवशीं त्याच्या पायाच्या हाडाला बारीक भेग असल्याचें कळलें, आणि त्याच दिवशीं त्याची कारकीर्द थांबविण्यांत आली. लोकांची उत्सुकता, वर्तमानपत्रांचे मथळे, चवथ्या विजयाची आशा, हें सगळें एका केंसाएवढ्या भेगेपुढें गौण ठरलें. त्यानंतर तो सतरा वर्षें जगला आणि १९९५ सालीं तीस वर्षांचा होऊन वारला. त्याला एन्ट्रीच्या विजयस्तंभापाशींच पुरलें आहे.

याच्या उलट बाजूचें उदाहरण ऑस्ट्रेलियांतील ‘विन्क्स’ या घोडीचें. तिनें एकंदर ४३ शर्यतींपैकीं ३७ जिंकल्या, त्यांतल्या शेवटच्या ३३ ओळीनें. २०१९ च्या एप्रिलांत शेवटची शर्यत जिंकूनच तिनें मैदान सोडलें. ती आणखी पळूं शकली नसती असें नाहीं. पण अपयशानें किंवा दुखापतीनें सांगेपर्यंत वाट पाहिली गेली नाहीं. एकीला विजयाच्या शिखरावर थांबविलें, दुसऱ्याला बाराव्या वर्षापर्यंत पळूं दिलें. दोन्ही निर्णय योग्यच ठरले. कारण दोन्ही ठिकाणीं कॅलेंडराकडे किंवा टाळ्यांकडे न पाहतां त्या त्या जनावराकडे पाहिलें गेलें.

आपल्याकडे अडचण निर्णय घेणाऱ्यांच्या हितसंबंधांत येते. मालकाला तबेल्याचा दरमहाचा खर्च दिसतो, आणि एक बक्षीस मिळालें तर तो खर्च निघेल असें वाटतें. शिक्षकाला आपल्या तबेल्यांतील घोड्यांची संख्या दिसते. पैज लावणाराला फक्त येता रविवार दिसतो. या तिघांनाही ‘आणखी एक हंगाम’ हा शब्द गोड लागतो. म्हणून शेवटचा शब्द ज्याला घोड्याच्या पळण्यापासून कांहीं मिळावयाचें नाहीं अशा पशुवैद्याचा असावा, आणि तो ऐकला जावा. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानें अपात्र जनावराला कामाला लावणें आणि पाळलेलें जनावर वाऱ्यावर सोडून देणें, हे दोन्ही गुन्हे मानले आहेत. जुन्या घोड्याच्या बाबतींत हीं दोन कलमें एकमेकांना जोडूनच वाचावीं लागतात. कारण पहिला गुन्हा टाळावयास जाणारा पुष्कळदां दुसऱ्यांत पडतो.

मैदान सोडल्यावर काय, हा प्रश्न सर्वांत अवघड. नामांकित घोडा आणि चांगल्या रक्ताची घोडी पैदास केंद्रांत जातात. त्यांची चिंता फारशी नसते. खच्ची केलेल्या घोड्याला तो मार्ग बंद. त्याला घोडेस्वारीच्या शाळेंत जागा मिळाली तर नशीब. मुंबईंत पूर्वी अशा कित्येकांच्या वांट्याला व्हिक्टोरिया गाडी येत असे. २०१५ च्या जूनमध्यें मुंबई उच्च न्यायालयानें करमणुकीसाठीं चालणाऱ्या त्या गाड्या बेकायदेशीर ठरविल्या. डांबरी रस्त्यावर नाल घसरत ओढणें संपलें हें बरेंच झालें. पण त्या घोड्यांनीं जावें कोठें, हा प्रश्न त्याच दिवशीं उभा राहिला.

एक वाट मात्र अशी आहे कीं तिचा संबंध थेट पालघर जिल्ह्याच्या भातशेतीपर्यंत पोहोंचतो. पुण्याच्या पूनावाला घराण्याच्या पैदास केंद्रांतील निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेस दिले जात. तेथें घोड्याच्या अंगांत विषाची अगदीं अल्प मात्रा टोंचून ती हळूहळू वाढवीत नेतात. त्याच्या रक्तांत विषाचा प्रतिकार करणारें द्रव्य तयार होतें, आणि त्या रक्तापासून लस निघते. याच अनुभवांतून सायरस पूनावाला यांनीं १९६६ सालीं पुण्यास सीरम इन्स्टिट्यूट काढली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें या चार सापांच्या दंशावर जें औषध दवाखान्यांत देतात, तें घोड्याच्या रक्तांतूनच येतें. लावणीच्या दिवसांत बांधावर एखाद्या मजूर बाईला घोणस चावली आणि ती वांचली, तर तिच्या वांचण्यांत कोण्या तरी घोड्याचा हात असतो. ही सेवा थोर आहे. परंतु ती विश्रांति नव्हे, हेंही विसरतां कामा नये. सुईची आणि रक्ताची ही नोकरी आहे. तिच्यांतही देखरेख, मोजमाप आणि शेवटीं मुक्तता हवीच.

वसईच्या वाड्यांत विजेचे पंप येण्यापूर्वी विहिरीवर रहाट चालत असे आणि तो ओढणारा बैल घरचा असे. त्याचें पाऊल जड झालें म्हणजे जाणता बागाईतदार त्याला रहाटापासून सोडी, आणि गोठ्याच्या कडेला त्याची दावण राखून ठेवी. तो बैल फार कमाई करणारा नव्हता. तरी त्याची जागा ठरलेली होती. लाखों रुपये मिळविणाऱ्या घोड्याची जागा ठरलेली नसावी, हें लाजिरवाणें आहे. यावर उपायही फार खर्चाचा नाहीं. ज्या दिवशीं शिंगरूं तबेल्यांत येतें त्या दिवसापासून त्याच्या प्रत्येक बक्षिसाचा एक लहानसा अंश त्याच्याच नांवें बाजूला ठेवावा, जसा नोकराचा प्रॉव्हिडंट फंड ठेवतात. हा अंश जमला असला म्हणजे मालकाला पशुवैद्याचा सल्ला ऐकणें जड जाणार नाहीं, आणि ‘आणखी एक हंगाम’ हा मोहही निम्मा कमी होईल.

एखाद्या जुन्या घोड्याचा निकाल देण्याचा प्रसंग आला, तर तो पुढची शर्यत जिंकेल काय, हा प्रश्न मागाहून विचारावा. आधीं विचारावें कीं काल पळल्यावर आज सकाळीं तो कसा चालला. आणि पळणें थांबल्यावर त्याची चंदी कोठें शिजेल. या दोहोंचें उत्तर समाधानकारक असेल तर बाराव्या वर्षींही त्याला पळूं द्यावें. पहिल्याचें उत्तर वाईट असेल तर विजयाच्या दुसऱ्याच दिवशीं त्याचा लगाम उतरवावा. आणि दुसऱ्याचें उत्तर तयार नसेल, तर तो दोष घोड्याच्या वयाचा नसून ज्यांनीं त्याच्या पाठीवर नांव मिळविलें त्यांचा आहे, असें समजावें.