माहितीचा मालक कोण?



असोदा हे गाव कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे माहेर. १८८० साली येथे जन्मलेल्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. काम करता करता त्यांच्या मुखातून निघालेल्या ओव्या घरच्यांनी टिपून ठेवल्या आणि पुत्र सोपानदेव यांच्या प्रयत्नांतून १९५२ साली त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. टिपणारा तेव्हा घरचा माणूस होता आणि शब्द बहिणाबाईंच्याच नावावर राहिले. आज खेड्यातील माणसाचे बोलणे, फिरणे, खरेदी-विक्री हे सारे मोबाइलमधून अहोरात्र टिपले जाते. मात्र टिपणारा कोण आणि ती माहिती तो कोणाच्या हाती देतो, हे बोलणाऱ्याला ठाऊक नसते.

१५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात २० भारतीय सैनिकांनी बलिदान दिले. त्यानंतर २९ जून रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ अन्वये टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली. सप्टेंबरमध्ये आणखी ११८ अ‍ॅपची भर पडली. यामागे केवळ क्षोभ नव्हता. चीनच्या २०१७ च्या राष्ट्रीय गुप्तवार्ता कायद्यानुसार तेथील संस्थांनी गुप्तचर कार्यास साहाय्य करणे बंधनकारक आहे. तेथील कंपनी खाजगी असली, तरी शासनाने मागितलेली माहिती नाकारणे तिला अवघडच.

या निर्णयाची झळ खानदेशालाही बसली. धुळे जिल्ह्यातील खेड्यांतून टिकटॉकवर नावारूपास आलेल्या कलावंतांचे व्यासपीठ एका रात्रीत नाहीसे झाले. राष्ट्रहितासाठी त्यांनी सोसले, याची नोंद समाजाने ठेवलीच पाहिजे. पण त्यांचे पुढे काय झाले? जुलै २०२० मध्ये इन्स्टाग्रामने भारतात ‘रील्स’ आणले आणि मोकळी झालेली जागा बव्हंशी अमेरिकी कंपन्यांनी व्यापली. ‘कू’ हे स्वदेशी माध्यम जुलै २०२४ मध्ये बंद पडले. एक परकीय दार बंद करून दुसरे उघडे ठेवले, तर त्यास स्वावलंबन म्हणता येत नाही. स्वदेशीला भांडवल, गुणवत्ता आणि ग्राहकाची चिकाटी, तिन्ही लागतात.

दुसरा प्रश्न अधिक मूलभूत आहे. माहिती देशातच राहिली, म्हणजे ती सुरक्षित राहिली काय? सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्यानंतर २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय त्यात आहे. १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. याच कायद्याने शासकीय यंत्रणांना मात्र व्यापक सवलतीही ठेवल्या आहेत. परकीय कंपनीला जाब विचारणाऱ्या नागरिकाने आपल्या शासनालाही तोच प्रश्न विचारावा. त्यात राष्ट्रद्रोह नाही, उलट राष्ट्राचे बळच आहे. ज्या राष्ट्रातील माणूस निर्भय नाही, त्याचे सार्वभौमत्व कागदावरच राहते.

जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते नाव कोणी लावावे आणि कोणी लावू नये, हे आता कायद्याने ठरते. मग ते वांगे पिकवणाऱ्याचे नाव, मोबाइल क्रमांक आणि बँकेचा व्यवहार कोणीही न विचारता का उचलून न्यावा?

बंदीचा आदेश दिल्लीहून निघतो, पण संमतीचे बटण असोद्यातील बोटाखाली असते. अ‍ॅपने संपर्कांची यादी मागितली तर ती कशासाठी, हे विचारावे. सूचना मराठीत मागावी. कर्जाच्या घाईत आधार क्रमांक अनोळखी हाती देऊ नये. घरातील शिकल्या-सवरल्या मुला-मुलींनी वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून हे एकदा समजावून सांगावे. बहिणाबाईंच्या घरच्यांनी त्यांचे शब्द जपले. आज आपल्या माणसांची माहितीही तशीच घरच्यांनी जपायची आहे.