रुग्णाची बोली जाणणारा माणूस
(संस्थेच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही बँकेतील एक साधे कारकून. दिवसभर आकडे लिहिणाऱ्याने आरोग्यावर काय बोलावे, असे आपणांस वाटेल. परंतु ज्या विद्यार्थ्यामुळे आज आम्ही येथे उभे आहोत, तो आम्हांस आमच्या काउंटरवरच भेटला.

देवरी तालुक्यातील हा गोंड मुलगा बारावी विज्ञान उत्तीर्ण होऊन परावैद्यकीय अभ्यासक्रमास लागला होता. ही डॉक्टरकी नव्हे. रुग्ण इस्पितळात पोहोचेपर्यंत त्याचा श्वास, नाडी, रक्तस्राव सांभाळणाऱ्या माणसाचे हे शिक्षण. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाची स्वतंत्र दखल घेतली आहे. "हेच का निवडलेस?" आम्ही विचारले. तो म्हणाला, "साहेब, आजीला गाडीत घालून नेलं, तेव्हा ती गोंडीत सांगत होती. गाडीतल्या माणसाला काहीच कळत नव्हतं."

मित्रहो, आपला जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, २०१६ पासून गोंदियास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरी जंगलपट्टीतील गावापासून मोठ्या दवाखान्याची वाट लांबच आहे. मण्यार रात्री झोपेत चावते. दंश फारसा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. अशा वेळी चिरा न देता, दोरी न आवळता, अवयव न हलवता रुग्णास प्रतिविष मिळेल तेथे न्यावे लागते. हे सांगणारा गावचाच असला, तर लोक त्याचे ऐकतात.

आणि सिकलसेल? तो विदर्भात गोंड, परधान, माडिया बांधवांत आढळतो, तसाच आपल्या समाजातही आढळतो. २०२३ साली केंद्र सरकारने त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली. वेदनेने तळमळणाऱ्या लेकरास 'सोंग करतो' न म्हणता तातडीने उपचारास नेणारा माणूस त्यांना हवा, तसाच आपल्यालाही हवा.

गावच्या माणसाच्या हातून काय होते, हे शेजारच्या गडचिरोलीने दाखविले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत थोड्या शिकलेल्या स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घेण्यास शिकविले. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. १९९९ साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

आता आमची कबुली. तो मुलगा दर आठवड्यास पासबुक घेऊन येई. "साहेब, शिष्यवृत्ती जमा झाली का?" आम्ही खाते पाहून "नाही" म्हणत असू आणि पुढच्या माणसास बोलावीत असू. एके दिवशी तो यायचा थांबला. फी थकली म्हणून तो मजुरीस गेला होता. पैसे जमा झाले, पण वर्ष बुडाल्यावर. आमचा हिशेब बरोबर होता. चूक आमच्या 'नाही'नंतरच्या गप्प बसण्यात होती. पुढच्या वर्षी तो पुन्हा रुजू झाला, हे त्याचे धैर्य. त्यात आमचा वाटा नाही.

बाबासाहेबांनाही १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले होते. १९२० साली ते पुन्हा गेले, ते स्वतःची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांनी दिलेले कर्ज यांच्या बळावर. वेळेवर मिळालेल्या उसनवारीचे मोल आपल्याइतके कोण जाणणार?

म्हणून आमची सूचना आहे. संस्थेने एक आगाऊ निधी उभारावा. फीची रक्कम बिनव्याजी द्यावी, शिष्यवृत्ती जमा होताच ती परत घ्यावी आणि तीच पुढच्या विद्यार्थ्यास द्यावी. आपल्या मुलांबरोबर आदिवासी मुलांनाही तो खुला असावा. त्याची खातेवही आम्ही विनामूल्य लिहू आणि आमची पहिली वर्गणी आजच अध्यक्षांकडे देत आहोत.

विद्यार्थी मित्रहो, पैसे अडले तर वर्ग सोडण्यापूर्वी आमच्याकडे या. यापुढे आम्ही नुसते "नाही" म्हणून थांबणार नाही.

जयभीम!