पडदा कोणी दूर करावा?



दावा जिंकला की न्याय पदरात पडला, हा समज भाबडा आहे. खरी कसोटी दरखास्तीत लागते. हुकूमनामा कंपनीविरुद्ध असतो, कंपनीची तिजोरी रिकामी असते आणि कायद्याच्या लेखी मालक ही निराळीच व्यक्ती ठरते. इंग्लंडमधील सॉलोमन खटल्याने १८९६ साली पक्का केलेला हा पडदा आजही कायम आहे.

त्याआड काय चालते? भावनगरच्या एका रबर कंपनीने १९६८ साली आपल्याजवळचे शेअर्स स्वतःच्याच उपकंपनीच्या नावे केले. त्या उपकंपनीला दुसरा व्यवसायच नव्हता. लाभांश तिकडे वळला, कामगारांचा बोनस घटला. सर्वोच्च न्यायालयाने पडदा दूर केला तो १९८५ साली!

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ४१ नुसार मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र मागता येते. परंतु ते ऋणको कंपनीच्या मालमत्तेचे, मालकाच्या नव्हे. कपट सिद्ध करण्याचा भार मात्र ज्याच्या हाती कागदपत्रे नाहीत, त्या धनकोवर! हा भार उलटला पाहिजे. कंपनी रिकामी कशी झाली, याचा हिशेब मालकानेच न्यायालयात द्यावा, अशी तरतूद झाल्याखेरीज कामगाराच्या हातातील हुकूमनामा कागदच राहील.